जांब ते पाबळ : हायस्कुलातल्या समवायाची गोष्ट

घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला लोक येतात ते रामाच्या दर्शनाला, आणि १६०८ च्या रामनवमीला नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, जिथे जन्माला आले ती जागा पाहायला. मंगलाष्टकांतला 'सावधान' कानी पडताच बोहल्यावरून निघून गेलेल्या नारायणाची गोष्ट आमच्या भागात पोरासोरांना पाठ असते. मला मात्र जांबेला गेलो की त्यांच्या दासबोधातली वेगळीच जागा आठवते. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, लेखनक्रियेचा. हायस्कुलात शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा सावकाश वाचावा. अक्षराचे वळण कसे असावे, काना-मात्रा-वेलांटी नेमकी कुठे यावी, ओळ सरळ कशी राहावी, कडेला कोरी जागा किती सोडावी, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच लेखणीतून उतरल्यासारखे कसे दिसावे, हे समर्थ सांगतात. आणि तेवढ्यावर थांबत नाहीत. लेखणी, चाकू, शाई, कागद अशा सामानाच्या तयारीपर्यंत जातात. भाषा, हाताचे कसब, साहित्याची पारख आणि जतन यांच्यामध्ये तिथे घंटा वाजत नाही. एक काम आहे, पोथी नीट उतरवण्याचे, आणि त्या कामाला जे जे लागेल ते ते शिकायचे आहे.

आमच्या हायस्कुलात दर चाळीस मिनिटांनी घंटा वाजते. मी विज्ञान शिकवत असे. एका उन्हाळ्यात नववीतल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "सर, तुम्ही पोराला करंट शिकवता म्हणं. मग आमच्या रानात बोअर कुठं घ्यावा, तेवढं सांगा की." मी त्यांना सांगितले की तो आमचा विषय नाही, भूगोलाच्या सरांना विचारा. भूगोलाच्या सरांकडे अभ्यासक्रमात पर्जन्यछायेचा प्रदेश होता, पण त्या माणसाचे रान नव्हते. शेवटी त्यांनी पाणाड्या बोलावला. त्याने दाखवलेल्या जागी दोन बोअर कोरडे गेले.

पुढे काही वर्षांनी मला कळले की जो ओहमचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो, त्याच नियमाने जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज घेता येतो, आणि महाराष्ट्रातल्या एका गावात शाळेच्या वयाची मुले तो घेतात. तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे आहे. विषयांना जोडणारी, लहान गटात शिकवणारी, गावाच्या कामातून शिकवणारी हायस्कुले आपल्याकडे कधी उभी राहिली? जी राहिली त्यांचे पुढे काय झाले?

पहिले नाव सापडले तेच समर्थांचे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली 'समर्थ विद्यालय' काढले. विजापूरकर हे 'ग्रंथमाला' हे मासिक वर्षानुवर्षे चालवणारे, मराठीतून सारे ज्ञान देता आले पाहिजे असा ध्यास घेतलेले गृहस्थ. वंगभंगाची चळवळ पेटली होती, राष्ट्रीय शिक्षणाचा विचार लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत आला होता. सरकारी हायस्कूल इंग्रजीतून पाठांतर करून घेते आणि कारकून तयार करते, त्याऐवजी मातृभाषेतून, हाताला उद्योग देत, धर्म आणि देश यांची ओळख करून देत शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. विद्यालय कोल्हापुराहून मिरजेला आणि तिथून तळेगाव दाभाड्याला गेले. त्याच तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. सामान्य माणसाच्या एकेका पैशातून उभारलेला कारखाना आणि समर्थांच्या नावाची शाळा एकाच गावात असणे, हे त्या काळाचे चित्र आहे. पण हे चित्र टिकले नाही. 'विश्ववृत्त' मासिकातल्या एका लेखावरून विजापूरकरांना तुरुंगवास झाला आणि १९१० साली सरकारने विद्यालय बंद पाडले. चार वर्षांत एखाद्या शिक्षणपद्धतीचा निकाल लागत नाही. म्हणून समर्थ विद्यालय फसले असे कोणी म्हणू नये. ते मोडले गेले. तळेगावात पुढे त्याच्या वारशाने 'नवीन समर्थ विद्यालय' सुरू झाले, ते नाव आजही आहे.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून, १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठी घरातल्या मुलाला हायस्कूल गाठायचे तर आधी परकी भाषा, मग विषय. अशा वेळी १९२१ साली आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. खेडेगावातली शाळा, गुरुजी आणि मुले एकत्र राहणारी, साधे जेवण, खादी, व्यायाम, अंगमेहनत. १९२९ साली तिथे मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश भगवानराव खेडगीकर आले. मुंबईत कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ काम केलेला हा तरुण पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९३५ मध्ये स्वामीजी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला गेले आणि तिथे योगेश्वरी नूतन विद्यालय उभे राहिले. निजामाविरुद्धच्या १९३८ च्या सत्याग्रहाने त्यांना शाळेतून मैदानात ओढले. त्या पिढीतल्या मराठवाड्याच्या कार्यकर्त्यांकडे पाहिले की या शाळांचा हात कुठवर पोहोचला ते दिसते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेली किती तरी माणसे अशाच मूठभर मुलांच्या शाळांतून आली. गुरुजींना प्रत्येक मुलाचे घर, त्याचा स्वभाव, त्याची भूक ठाऊक असे. शाळा लहान असण्याचा पहिला फायदा हाच, आणि तो कुठल्याही पुस्तकात शिकवावा लागत नाही.

तरीही एक गोष्ट खरी. हिप्परगा असो की तळेगाव, तिथे विषयांना जोडणारा धागा होता तो देशभक्तीचा. गणित, इतिहास आणि शेत एकमेकांशी बोलतील अशी पद्धत कोणी बसवली नव्हती. ती बसवायचा पहिला मोठा प्रयत्न वर्ध्यात झाला.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाचा रौप्यमहोत्सव. गांधीजींनी देशभरातल्या शिक्षणाच्या जाणकारांना तिथे बोलावले आणि आपला प्रस्ताव मांडला : सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि ते एखाद्या उत्पादक उद्योगाभोवती गुंफावे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, अर्थशास्त्रज्ञ कुमारप्पा तीत होते. डिसेंबरात अहवाल आला. पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्रामला एडवर्ड विल्यम आर्यनायकम् आणि आशादेवी या शांतिनिकेतनातून आलेल्या दांपत्याने शाळा हाती घेतली.

या पद्धतीला नाव मिळाले 'समवाय'. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. न्याय-वैशेषिक दर्शनांत समवाय म्हणजे वेगळा काढता न येणारा संबंध, आणि त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे तंतू आणि पट, धागे आणि कापड. धागे वेगळे काढले तर कापड उरत नाही. सेवाग्रामची मुले खरोखरच सूत कातत होती. शब्द आणि काम यांची अशी गाठ क्वचितच पडते.

कातण्यातून शिकवणे म्हणजे काय, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. सूत अटेरणावर गुंडाळतात. चार फुटांचा एक फेरा म्हणजे एक तार, १६० तारांची एक लटी, ६४० तारांची एक गुंडी. आता सुताचा अंक काढायचा, म्हणजे सूत किती बारीक ते सांगायचे, तर लांबी आणि वजन यांचे प्रमाण हवे. सहावी-सातवीतल्या मुलाला गुणोत्तर शिकवायला याहून चांगली जागा नाही, कारण उत्तर चुकले तर विणकर सूत परत करतो. कापूस कोणत्या मातीत होतो, हा भूगोल. सूत कोरड्या हवेत का तुटते, हे विज्ञान. वऱ्हाडातला कापूस मँचेस्टरला का गेला आणि तिथले कापड इथे का आले, हा इतिहास. एका टकळीभोवती वर्षभराचा अभ्यासक्रम फिरवता येतो. मात्र त्यासाठी शिक्षक तसा हवा. ज्याला सूत, गणित आणि इतिहास तिन्ही येते असा, किंवा दोघातिघांनी एकत्र बसून आठवडा आखणारा. वर्ध्याची ही योजना, म्हणजे नई तालीम किंवा बुनियादी शिक्षण, अडली ती इथे. शेकडो गावांत टकळ्या पोहोचल्या, तसे शिक्षक पोहोचले नाहीत. मग कातण्याचा वेगळा तास झाला आणि गणिताचा वेगळा. समवाय गेला, टकळी उरली.

दुसरी अडचण आजच्या आपल्या प्रश्नाला थेट भिडते. बुनियादी शिक्षण सातवीला संपत होते. त्यापुढे हायस्कूल होते, आणि हायस्कुलाच्या दारात मॅट्रिकची परीक्षा पहारा देत होती. सेवाग्रामने १९४५ च्या संमेलनात नई तालीमचा विस्तार जन्मापासून मरणापर्यंत करायचे ठरवले आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी 'उत्तर बुनियादी' सुरू केले. शेती, गोपालन, स्वयंपाकघराचा हिशेब, सफाई, सारे मुले सांभाळत आणि त्यातून शिकत. कल्पना निर्दोष होती. पण महाविद्यालयाचे दार मॅट्रिकच्या दाखल्यानेच उघडत होते. आईबापांना हे नीट दिसत होते. गावातला सावकाराचा मुलगा इंग्रजी हायस्कुलात जातो आणि आपल्या मुलाला कातायला लावतात, ही सल त्यांच्या मनात बसली. तिला दोष देऊ नये. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या हाताने काम केले त्याला शाळेकडून लेखणी हवी होती, पुन्हा कुदळ नको होती. मुंबई राज्यात स्वातंत्र्यानंतर हेच शिक्षण मूलोद्योग शिक्षण म्हणून आले, त्याची खूण म्हणून जिल्हा परिषदेच्या कितीतरी जुन्या शाळांच्या पाट्यांवर 'जीवन शिक्षण मंदिर' हे नाव अजून दिसते. आत जीवन आणि शिक्षण केव्हाच वेगळे झाले.

१९६४ ते ६६ या काळात कोठारी शिक्षण आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगाने शालेय शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर 'कार्यानुभव' सुचवला. घरात, शाळेत, शेतात, कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादक कामात भाग घेणे, असा त्याचा अर्थ. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्यालाच 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' म्हटले. शब्द जसा लांबला तसे काम आखडत गेले. आमच्या पिढीने शाळेत कार्यानुभव केला तो कागदाची फुले, तोरणे, पाकिटे, राख्या, लोकरीचा ससा. आठवड्यातले दोन तास, शेवटचे, बहुधा शनिवारी. बाई किंवा सर त्या वेळात हजेरीपत्रके पुरी करत. वर्षाअखेर सगळ्यांना 'अ' श्रेणी. त्या फुलांची गावात कोणाला गरज नव्हती आणि ती बिघडली तर कोणाचे नुकसान नव्हते. जिथे बिघडण्याची भीती नाही तिथे शिकणेही नाही, हे मला फार उशिरा उमगले.

जे. पी. नाईक १९८१ साली गेले. आयोगात लिहिलेला शब्द शाळेत कसा विरला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या आणि पत्नी चित्रा नाईक यांच्या पुण्यातल्या भारतीय शिक्षण संस्थेने, ते गेल्यानंतर दोन वर्षांनी, एका शास्त्रज्ञाच्या प्रयोगाला आसरा दिला. त्या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग.

कलबाग १९२८ चे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत काम, मग मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर. पंचावन्नाव्या वर्षी, माणसे निवृत्तीचा हिशेब मांडतात त्या वयात, ते नोकरी सोडून पत्नी मीराताईंसह पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळला राहायला आले. मस्तानीची समाधी असलेले हे पाबळ. पुण्यापासून साधारण सत्तर किलोमीटर, पावसाच्या भरवशावर जगणारे, अवर्षणाचे गाव. मुद्दामच असे गाव निवडले होते. इथे जमले तर कुठेही जमेल, असा त्यामागचा विचार. १९८३ साली 'विज्ञान आश्रम' सुरू झाला.

कलबागांचे म्हणणे थोडक्यात असे होते : मूल शाळेत जाण्याआधी चालायला, बोलायला, माणसे ओळखायला शिकते ते करत करत शिकते, आणि कोणी त्याला नापास करत नाही. मग शाळेत ही नैसर्गिक रीत का सोडायची? बुद्धीचा विकास हाताच्या कामातून होतो, म्हणून काम हे 'ढ' मुलांसाठीचे शिक्षण नव्हे, ते सगळ्यांसाठीचे शिक्षण आहे. शाळेने गावाला सेवा द्यावी, गावाने तिचे पैसे द्यावेत, आणि त्या व्यवहारातून मुलांनी शिकावे.

यातले शेवटचे वाक्य मला सर्वात महत्त्वाचे वाटते. नई तालीमनेही उत्पादनाचा आग्रह धरला होता, पण तिथे शाळेने स्वतःचा खर्च भागवावा अशी अपेक्षा होती. पाबळने रोख बदलला. मुलांनी बांधलेली टाकी गळली तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही, एवढीच कसोटी. ती गुरुजींच्या हातात नाही, म्हणून ती खोटी होऊ शकत नाही.

यासाठी पाबळने हायस्कुलांकरता बसवलेला ग्रामीण तंत्रज्ञानाचा विषय इंग्रजी आद्याक्षरांनी 'आयबीटी' म्हणून ओळखला गेला. आठवी, नववी, दहावी. आठवड्यातला एक पूर्ण दिवस. वर्गाचे लहान गट पाडायचे आणि चार विभागांतून फिरवायचे : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलींनी वेल्डिंग करायचे, मुलांनी स्वयंपाक आणि रक्ततपासणी करायची, अपवाद नाही. शिकवायला गावातलाच, ज्याचे हात चालतात असा माणूस घ्यायचा, मग त्याच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नसली तरी चालेल. शाळेचा विज्ञान शिक्षक त्याच्या सोबतीला.

आता पाण्याची गोष्ट, ज्यासाठी मी एवढा वेळ घेतला. जमिनीतल्या पाण्याचा अंदाज घ्यायचा तर रानात एका सरळ रेषेत चार लोखंडी गज सारख्या अंतरावर ठोकतात. बाहेरच्या दोन गजांतून जमिनीत वीज सोडतात. आतल्या दोन गजांमधला विद्युतदाब मीटरवर मोजतात. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. हाच तो ओहमचा नियम. मग गजांमधले अंतर वाढवतात. अंतर जितके जास्त तितकी वीज खोल जाऊन येते, म्हणून प्रत्येक वाढत्या अंतराबरोबर खालचा थर कळत जातो. अखंड काळा पाषाण विजेला अडवतो. ओला मुरूम, भेगाळलेला, पाणी धरलेला खडक तिला वाट देतो. मिळालेले आकडे आलेखावर मांडले की रेषा जिथे खाली वळते तिथे खाली ओल असण्याचा संभव. तो संभवच असतो, शब्द नसतो, आणि हेही मुलांना शिकायला मिळते. भौतिकशास्त्र, भूगोल, आलेख, शिवाय शेतकऱ्याशी बोलायची रीत आणि पावती फाडायची रीत, सारे एका दुपारी. दख्खनच्या कातळावर राहणाऱ्या आपल्या भागात, जिथे बोअरपायी माणसे कर्जात बुडाली, तिथल्या एकाही हायस्कुलात हे चार गज असू नयेत याचे मला दुःख होते.

पाबळचा डोम असाच. लोखंडी अँगल ठरावीक मापांत कापायचे, टोके चेपून भोके पाडायची, नटबोल्टने त्रिकोण जोडत जायचे. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही, ही भूमिती मुलाच्या खांद्याला कळते, कारण सांगाडा उभा राहताना त्याने तो पेललेला असतो. वरून जाळी आणि सिमेंटचा गिलावा. भिंत नाही, खांब नाही. एखाद्या तुकड्याचे माप चुकले तर शेवटचा बोल्ट बसत नाही आणि चूक शोधत मागे जावे लागते. वहीतल्या चुकीवर लाल शाई फिरते आणि पान उलटले जाते. इथे पान उलटता येत नाही.

कलबागांची दूरदृष्टी आणखी एका निर्णयात दिसते. त्यांनी स्वतःची वेगळी आदर्श शाळा काढून तिथे थांबण्याचा मोह टाळला. हा विषय चालू हायस्कुलांतच शिकवायचा आणि त्याला माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाची मान्यता मिळवायची, असा हट्ट त्यांनी धरला, आणि ती मिळवली. दहावीच्या गुणपत्रिकेत हा विषय आला. उत्तर बुनियादी ज्या दारात अडली होती ते दार पाबळने आतून उघडले. माझ्या मते महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षणाच्या इतिहासात या घटनेला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळालेली नाही. शाळा सोडलेल्या मुलांसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही चालला. दहावीला नापास झालेली, घरी कोणी विचारत नाही अशी मुले तिथे वर्षभरात गवंडीकाम, वेल्डिंग, वीजजोडणी, कुक्कुटपालन शिकून स्वतःच्या धंद्याला लागली. जुन्या जीपच्या सुट्या भागांतून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर तिथेच घडला. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या नील गेर्शेनफेल्ड यांनी आपल्या 'फॅब लॅब' प्रयोगशाळांपैकी अगदी सुरुवातीची एक पाबळला दिली. पुढच्याच वर्षी कलबाग गेले.

योगायोग असा की १९८३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतही हायस्कुलांच्या घसरणीवर 'अ नेशन ॲट रिस्क' हा सरकारी अहवाल निघाला होता आणि तिकडे खळबळ उडाली होती. पुढच्या वर्षी थिओडोर सायझर या शिक्षणतज्ज्ञाने ब्राउन विद्यापीठातून शाळांची एक साखळी उभी केली. त्याचे एक सूत्र होते : एका शिक्षकाकडे ऐंशीहून जास्त विद्यार्थी नकोत, आणि विषय थोडे पण खोल. १९८५ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत डेबोरा मायर यांनी छोटे हायस्कूल काढले आणि दिवसाचे मोठे दोन भाग केले, एकात भाषा-इतिहास-कला एकत्र, दुसऱ्यात गणित-विज्ञान एकत्र. अशा शाळांचे यश पाहून २००० नंतर गेट्स प्रतिष्ठानने मोठमोठी हायस्कुले फोडून लहान करायला प्रचंड पैसा ओतला, आणि दशक संपण्याआधीच हात आखडता घेतला, कारण इमारत विभागली तरी आतले शिकवणे बहुतेक ठिकाणी तेच राहिले होते. आपल्याकडे टकळीचे झाले तेच. शाळा लहान असणे हे साधन आहे. शिक्षकाला मूल दिसावे आणि दोन शिक्षकांना एकमेकांशी बोलायला वेळ मिळावा, एवढ्यासाठीच ते हवे.

पाबळच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आठवड्याचा एक दिवस जोडलेला, बाकीचे दिवस पूर्वीसारखेच तुटलेले. गणिताचे सर डोम बांधताना तिकडे फिरकतातच असे नाही. इतिहास आणि भाषा या दिवसात फारशा शिरल्या नाहीत. सेवाग्रामच्या टकळीत मँचेस्टर होते, पाबळच्या मीटरबरोबर पाणी कोणाला किती मिळते हा प्रश्नही मुलांसमोर यायला हवा होता. पुढे 'लेंड अ हँड इंडिया' सारख्या संस्थांनी हा अभ्यासक्रम अनेक शाळांत नेला आणि शासनाच्या बहुकौशल्य अभ्यासक्रमातही त्याचा अंश आला. वाढ चांगलीच. पण गावाचे खरे काम घेऊन त्याचे पैसे घेणे, हा कणा वाढीत निसटला तर पुन्हा कागदाची फुले व्हायला वेळ लागणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी. वर्षातले दहा दिवस ही ओळख झाली. आठवड्यातला एक दिवस म्हणजे शिक्षण.

हे सगळे लिहिले ते जांब समर्थ आणि आसपासच्या हायस्कुलांतल्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींसाठी. सगळी शाळा बदलायला निघू नका, विजापूरकर-विनोबांनाही ते एका दमात जमले नाही. आठवीची एक तुकडी घ्या. वीस मुलांचा गट करा. आठवड्यातला एक दिवस मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. विज्ञान, भूगोल आणि मराठीच्या शिक्षकांनी आदल्या दिवशी अर्धा तास एकत्र बसा. गावातला एक वेल्डर, एक गवंडी, मोसंबीची बाग राखलेला एक शेतकरी शाळेत बोलवा आणि त्यांना खुर्ची द्या. पहिले काम असे निवडा की जे बिघडले तर कोणी तरी तक्रार घेऊन येईल. आणि सुरुवात करण्याआधी एकदा पाबळला जाऊन या. विज्ञान आश्रम आजही चालू आहे.